डफापुढं घ्यायचं नाव

१८ फेब्रुवारी १९४६, राहुरी

आजवर या हातांनी केलेलं:

तुणतुणी तीन. पहिलं धान्य मापायच्या जुन्या चिपट्याचं, ते तडकलं. दुसरं आंब्याच्या लाकडाचं, एका वाघ्याला दिलं. तिसरं शिवणीचं, सध्या वाजवतो ते. डफ दोन, कडी सागवानी, चार-चार तुकडे सांधून, सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकत नाही. ढोलकीचं खोड एक, शिसवीचं, आतून कोरायला सबंध पावसाळा गेला. चिपळ्यांचे जोड किती ते मोजले नाहीत. देवळातल्या पेटीचा भाता. घराचं दार, चौकटीसकट. थोरलीचा पाळणा, धाकटीही त्यातच वाढली. आणि हे अक्षर. शाळेत गेलो नाही, दुकानांच्या पाट्या वाचत शिकलो, कुणी हात धरून गिरवून घेतलं नाही.

तात्या वस्तादांच्या तिरडीचे बांबूही मीच तासले. ते यात धरावेत की नाही, कळत नाही.

त्यांना जाऊन महिना होत आला. तात्यांचा शाहिरी फड आता हरिभाऊच्या गळ्यावर. चैत्री पुनवेला खडकवाडीच्या जत्रेत कलगीवाल्यांशी सामना. ते सवाल गाणार, आम्ही तुऱ्याचे जबाब देणार. गेल्या साली हरले तेव्हा त्यांचा डफ आम्ही आणला, तो अजून तात्यांच्या पडवीत खुंटीला आहे. यंदा तो न्यायला येतील, जमलं तर आमचाही नेतील.

२३ फेब्रु.

मोठ्या डफाला नवं कातडं चढवलं. शेळीचं, पाठीकडचं. भिजवून, चुन्यात घालून, तासून. पोटाकडचं घेतलं की थंडीत आवाज बसतो. हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन कातडी वाया घालवून कळलं.

हरिभाऊ शेतावरून थेट दुकानात. अंगाला भिजल्या मातीचा वास. नवा जबाब म्हणून दाखवला. त्यात समुद्रातून निघालेली रत्नं तेरा झाली. म्हटलं, चौदा आहेत, शंख राहिला. म्हणाला, "लोकं मोजत बसत न्हाईत, मिस्तरी."

"मी बसतो."

हसला. शंख घातला. ओळ लांबली म्हणून चाल मोडली, मग दोघांनी बसून चाल सुधारली. हे काम त्याच्यासोबतच होतं. वयाने दहा-बारा वर्षांनी लहान, पण गळा असा आहे की रागावता येत नाही.

३ मार्च

शिवरात्र होऊन गेली. त्या दिवशीचं आज लिहितो. मध्ये लेखणी धरवली नाही.

दुपारी नदीकाठच्या महादेवापुढं, दर सालासारखं. घोंगडीवर डफ, त्यावर हळदकुंकू, बेल, नारळ. एकेकाने पुढं यायचं, डफावर हात ठेवून आपल्या गुरूचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि फडात आपल्या जागी बसायचं. नाव नाही त्याला जागा नाही.

तात्या होते तेव्हा हे सुरू व्हायच्या आधी ते मला म्हणायचे, "मिस्तरी, दुसरा डफ सैल पडलाय, जरा शेकून आना." मी पायऱ्यांखाली जाळ करून डफ शेकत बसायचो. परत येईतो नावं घेऊन झालेली असायची, खोबरं वाटायला लागलेले असायचे. मी तुणतुणं घेऊन माझ्या जागी बसायचो. इतकी वर्षं.

यंदा किसनने आधीच जाळ करून दोन्ही डफ शेकून ठेवले. किसन आमचा झीलकरी, मागून "जी जी" धरतो. पोटाला रेल्वेच्या गँगमध्ये आहे. म्हणाला, "म्हाताऱ्या मानसाला कशाला धुरात बसवायचं?" मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे.

हरिभाऊने हात ठेवला: तात्या वस्ताद. ढोलकीवाला उस्मान पिंजारी: अब्बा, आणि त्यांच्यामागं तात्या. किसन: तात्या वस्ताद. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी हात ठेवला. कातडं अजून गरम होतं. म्हणालो, "मला कुणी शिकवलं नाही."

 पायऱ्यांवर खडकवाडीचा रंगनाथ होता, कलगीवाल्यांचा झीलकरी. नदीला आला होता, प्रसादाला थांबला होता. तो म्हणाला, "मंग इतकी वर्सं निगुरा बसवलाय व्हय तुमी फडात?" आणि खोबरं घेऊन गेला. प्रसाद मात्र घेतला.

वाटेत हरिभाऊ: "तात्याचं नाव घ्यायचं हुतं, मिस्तरी. कोन इचारनार हुतं?"

"तात्यांनी मला काय शिकवलं ते सांग, घेतो."

 त्याला सांगता आलं नाही. मलाही नसतं आलं.

७ मार्च

बाजारचा दिवस. खडकवाडीकडून दोघे आले, थेट हरिभाऊच्या भाजीच्या पाटीपाशी. चारचौघांत सांगून गेले: निगुऱ्याच्या हातचं तुणतुणं ज्या फडात वाजेल त्याच्यापुढं आम्ही सवाल टाकणार नाही. तो बसला तर तुम्ही न गाता हरलात, गेल्या सालचा आमचा डफ आणि तुमचा, दोन्ही आमचे.

हरिभाऊ म्हणाला, "बघू." बघू म्हणजे काय, ते मी त्याला विचारलं नाही. गिऱ्हाईक उभं होतं, त्याची मेथी बांधून देत होता.

तेव्हा गोष्ट एवढीच आहे. पुनवेच्या आत मला गुरू करायचा, नाहीतर फडातून उठायचं.

९ मार्च

बायकोने जेवायला वाढता वाढता विचारलं, "आता काय करनार?" म्हटलं, काय करायचं, खरं तेच बोललो. तात्या असते तर त्यांनी माझी बाजू घेतली असती.

"तात्या दर साली घेतच हुते की," ती म्हणाली. "डफ शेकाय धाडायचे त्ये कशापायी? समद्या गावाला ठाव हुतं. तुमाला न्हवतं?"

भाकरी तशीच राहिली.

मला वाटायचं, शेकण्यातली नेमकी ऊब मलाच कळते म्हणून धाडतात. जाळापासून किती हात, किती वेळ, बोटाच्या पेराने कातडं कसं बघायचं, हे बाकी कुणाला जमत नाही हे खरंच आहे. पण तो डफ सैल कधीच नव्हता. मी चढवलेला. शिवरात्रीच्या उन्हात तो सैल पडेलच कशाने? मला हे कळायला हवं होतं. चौदा रत्नं मोजणाऱ्याला.

आणि तात्यांनी एकदाही तोंडातून काढलं नाही. मलाही नाही, दुसऱ्याही कुणाला नसावं. मग गावाला कसं कळलं? बघून कळलं. मी जाळाकडं तोंड करून बसलेला असायचो.

१४ मार्च

दुकानात काम नाही. एक वखर आला होता, तो झाला. रागाने लिहितो आहे, पण लिहितो ते खरं आहे.

कोणाचं गाणं कुठून आलं ते मला विचारा.

हरिभाऊचा गळा तात्यांचा नाही. बापाच्या विहिरीवर लहानपणापासून मोट हाकली. बैल उतरणीला लागले की सूर लांबवायचा, मोट वर येऊन पाणी थारोळ्यात पडलं की थांबायचं, बैल मागं सरताना दम घ्यायचा. आजही तो श्वास तिथंच तोडतो, ओळ संपो न संपो. तात्या त्यासाठी त्याला रागवायचे. त्यांना ते मोडता आलं नाही, म्हणून त्यांनी जबाबांच्या ओळीच तेवढ्या लांबीच्या बांधल्या. मग शिकवलं कुणी कुणाला?

उस्मानचा हात पिंजायच्या धनुकलीचा. तात ठोकायची, कापूस उडायचा, परत ठोकायची. दर चौथी ठोक जड. मोहरमात ताशा वाजवायचा तिथंही ती जड पडायची आणि लोक त्या जागेला मान हलवायचे. आज ढोलकीवर तेच. बापाने त्याला धनुकली धरायला शिकवली, ढोलकी नाही. तरी बापाचं नाव घेतो ते मला पटतं.

किसनची झील रुळांवरची. मुकादम हाक देतो, वीस माणसं एका दमात "हैश्शा" म्हणून रूळ उचलतात. जो मागं राहील त्याच्या पायावर रूळ. म्हणून किसन कधी मागं राहत नाही. आणि वरच्या पट्टीतल्या नखऱ्याच्या दोन-तीन जागा स्टेशनाजवळच्या हॉटेलातल्या फोनोवरच्या तबकड्यांच्या आहेत. हे त्याने स्वतः मला सांगितलं आणि तात्यांना सांगू नका म्हणाला.

तिघांनीही तात्यांना नारळ दिला होता. नारळाने ते शिष्य झाले.

माझं: लहानपणी दारावरून गोंधळी जायचे. मी चिपट्याला कातडं ओढून, काठी ठोकून, तार बांधली. वाजेना, नुसती खरखर. एक गोंधळी दाराशी थांबला. माझ्या हातातून तुणतुणं घेतलं, खुंटी अर्धा वेढा पिळली, एकदा छेडलं, परत दिलं आणि पुढं गेला. बोलला नाही. सूर लागलेला होता.

तो गुरू धरायचा का? उस्मानला विचारलं. म्हणाला, "धरा की. नाव काय त्याचं?" नाव माहीत नाही. तोंडही आठवत नाही. बोटाला कवड्यांची माळ अडकली होती एवढं दिसतं. डफावर हात ठेवून काय म्हणायचं, कवड्यांची माळ?

आणि अर्ध्या वेढ्याला शिकवणं म्हणत नाहीत.

२० मार्च

होळी झाली. हरिभाऊ आला. खूप वेळ रंधा हातात घेऊन बसला, पातं बघत. मग म्हणाला, मार्ग आहे. तात्यांची गादी आता त्याच्याकडं आहे, तेव्हा नारळ त्याला दिला तरी रीत पुरी होते. चार माणसांत नको, इथंच, दार लावून. नारळ द्यायचा, पायाला हात लावायचा, झालं.

"तुझ्या पाया पडू?"

"मला काय गोड लागतंय व्हय त्ये? तुमी बसावं म्हनून म्हनतोय."

खाली बघून बोलत होता. त्याची मान शरमेने खाली होती हे मला दिसत होतं. तरी मी बोललो. म्हणालो, तुझ्या हातातला डफ माझा, ओळी मी तपासून दिल्या म्हणून उभ्या आहेत, आणि तुझा स्वतःचा गुरू तरी तात्या कुठं आहे? तुझा गुरू तुझ्या बापाची मोट.

हे मी चौदा तारखेला इथं लिहिलं होतं ते वेगळं. तोंडावर बोललेलं वेगळं झालं. त्याचा बाप त्याच विहिरीच्या कठड्यावरून पडून गेला. मला ठाऊक होतं. बोलताना आठवलं नाही, आणि नाही आठवलं हे कुणाला खरं वाटणार.

रंधा जागेवर ठेवून उठला. "येतो" म्हणाला नाही.

२१ मार्च

त्याच्याकडं जाऊन यावं असं बायको म्हणते. जाऊन म्हणायचं काय? शब्द खोटे नव्हते. पण

२७ मार्च

कोणी आलं नाही. रॉकेलसाठी रांगेत किसन भेटला, नमस्कार करून वाण्याच्या दुकानाकडं बघत राहिला.

संध्याकाळी तात्यांच्या पडवीत तालीम. दुकानात बसून सगळं ऐकू येतं. तुणतुण्यावर नवा माणूस बसवलाय, नेवाशाकडचा. वाद्यही त्याचंच. तार पितळी आहे आणि खुंटी सुटते आहे. दर कडव्याच्या शेवटी सूर केसभर उतरतो आणि हरिभाऊ त्याच्यामागं नकळत उतरतो. शेवटच्या कडव्यात गळा पार खाली गेला. खडकवाडीत असं झालं तर कलगीवाले दुसऱ्या सवालातच उचलतील.

उठून दारापर्यंत गेलो. खुंटीला थोडी खडूची पूड लावली असती तर झालं असतं, एवढंच सांगायचं होतं. गेलो नाही.

३१ मार्च

उस्मान चहाला आला. आपणहून. म्हणाला, नेवासेकर भला माणूस आहे, फक्त वाजवतो तेवढं सोडून. मी हसलो, पुष्कळ दिवसांनी. मग तो म्हणाला, "मिस्तरी, आमच्यात नमाजाला उभं राहायचं तर कुणाच्या तरी मागंच राहतात. मागं राहिला तो लहान होत नाय."

"आणि पुढं असेल त्याला काही येत नसेल तर?"

"तरी सफ तर सरळ राहती, रांग मोडत नाय."

जाता जाता मी केलेल्या ढोलकीचा उजवा अंगठा-ठोक हलका वाजतो म्हणाला. घेऊन बघितली. वादी ओलसर होती, ओढून दिली. ठोकून बघितल्यावर त्याचा चेहरा बघायला हवा होता. तक्रार खोटी होती की खरी, ठरवता येत नाही. तात्यांकडून शिकला असेल.

५ एप्रिल

पाडवा झाला. गुढीची काठी हरिभाऊकडं नेहमी मी द्यायचो, बांबू तासून. यंदा किसनने रेल्वेच्या हद्दीतून आणली म्हणे.

दुपारी हरिभाऊ स्वतः आला. दारातच उभा. खडकवाडीहून एक सवाल आधीच फुटलाय, बाजारात कुणीतरी गाऊन दाखवला: असा वृक्ष कोणता ज्याचं मूळ वर आणि फांद्या खाली. विचारायला आला होता, बाकी कशाला नाही. मी सांगितलं: संसाराचा अश्वत्थ, पोथीत आहे, आणि पानं म्हणजे वेद, पानं विसरू नकोस, ते नेमकं पानांवरच अडवतील.

ओळ तिथंच बांधायला लागला. दोन शब्द मी दिले. तिसऱ्याला अडला, मी दिला. मग दोघेही थांबलो, कारण दोघांच्याही ध्यानात आलं की आपल्यात अबोला आहे.

म्हणाला, "बापाचं बोलला त्ये मी कुनाला सांगितलं न्हाई."

मी म्हणालो, "बोलायला नको होतं."

"मोटंचं खरं हाय." मग म्हणाला, "आन त्ये म्या डफाम्होरं म्हनू शकत न्हाई. तुमी म्हनला तुमचं. म्हनून समदी चिडल्यात."

आत ये म्हटलं. बैल सोडायचेत म्हणून गेला.

८ एप्रिल

दिवसभर हेच. तीन वेळा ठरवलं आणि तीन वेळा मोडलं.

नारळ घ्यावा, हरिभाऊकडं जावं, दार लावून वाकावं. कंबर तर पाटावर वाकतेच दिवसभर. खडकवाडीत माझं तुणतुणं असेल, सूर उतरणार नाही, दोन्ही डफ आपल्याकडंच राहतील. हे एका बाजूला.

दुसऱ्या बाजूला काय आहे ते लिहायला बसलो तर शब्द सापडत नाही. गर्व म्हणते बायको. असेल. पण पोटात जे आहे ते गर्वासारखं ताठ नाही, भिजल्या कातड्यासारखं आहे. माझी दोन कातडी वाया गेली, तिसरं लागलं. ती दोन वाया गेलेली कुणाच्या नावावर घालू? हरिभाऊच्या? तेव्हा तो गुरं राखत होता.

तात्या मला खोटं बोलायला न लावता बसवून घेत होते. मला त्यांच्यासारखं एखादं काम कुणी सांगितलं तर मी अजूनही जाईन शेकायला. जाळाकडं तोंड करून बसेन. पण आता मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असताना तसं बसता येत नाही.

११ एप्रिल

नेवासेकर तापाने पडला. फडात तुणतुणंच नाही. बायकोने बातमी आणली आणि माझ्याकडं न बघता चुलीकडं गेली.

तार नवी चढवली. कारण काही नाही. जुनी गंजली होती.

१३ एप्रिल

तिघे आले, हरिभाऊ, उस्मान, किसन. बसले. बायकोने गूळपाणी दिलं. किसनने रुमाल काढून पाटावर ठेवला, गाठ मारलेला.

हरिभाऊ बोलला. नेवाशाला तात्यांचे गुरुबंधू आहेत, म्हातारे वस्ताद, डोळ्यांनी दिसत नाही. त्यांच्याशी बोलून आलेत. ते माझं नाव आपल्या शिष्यांत सांगायला तयार आहेत, पूर्वीपासूनचा म्हणून. मी तिथं जायचं नाही, पाया पडायचं नाही, काही म्हणायचंही नाही. डफावर हात मी ठेवायचा, नाव हरिभाऊ घेईल. खडकवाडीचे विचारायला गेले तर म्हातारबा हो म्हणतील. त्यांची दक्षिणा तेवढी द्यायची.

ती तिघांनी जमवली होती. हरिभाऊच्या बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ मला दोन दिवस ऐकू आली नव्हती, ती का ते कळलं. उस्मान म्हणाला, "इचार करू नका मिस्तरी, इचारानंच तुमचं वाटोळं झालंय." किसन हसला, मग हसायचं थांबला.

मी विचारलं, म्हातारबांनी माझं तुणतुणं कधी ऐकलंय का. हरिभाऊ म्हणाला, नाही.

मी रुमाल त्याच्याकडं सरकवला. हरिभाऊने रुमाल उचलला, गाठ आणखी घट्ट केली. दारातून म्हणाला, गाडी पुनवेला सकाळी निघेल, दुकानावरून जाईल. थांबेल का ते बोलला नाही, मीही विचारलं नाही. तुणतुणं सुरात लावून ठेवलंय, बासनात बांधलेलं नाही.

नेवाशाच्या वस्तादांचं नाव, न जाता, न वाकता, तिघांच्या पैशाने. रुपये एक्कावन्न. नको म्हणालो.